राजाचा फिशटँक आणि पातेल्यातल्या गोगलगाई

एका जंगलात, पोरांनो, झाडंच झाडं होती. जंगलच ते, दुसरं काय असणार? तरी तिथल्या राजाला घरात झाडं पाहिजे झाली. तीही पाण्यातली.

राजा म्हणजे गर्जेराव सिंह. शेजारच्या वाघाकडे तो जेवायला गेला होता. तिथं त्यानं फिशटँक बघितला. आत हिरवीगार झाडं, मधनं रंगीत मासे, वर दिवा. घरी आला तो तोंड पाडूनच. म्हणाला, "आपल्याकडे पण पाहिजे. वाघापेक्षा मोठा."

आला फिशटँक. आता सांभाळणार कोण? दरबारात विचारलं, "माशांचा अनुभव कुणाला आहे?"

पाणमांजरानं हात वर केला. नाव बुडक्या. अनुभव दांडगा होता. रोज सकाळ-संध्याकाळ अनुभव घ्यायचा.

हसू नका. तुमच्याकडे काय वेगळं चालतं?

बुडक्यानं वाळू पसरली. ओढ्यातनं झाडं उपटून आणली, ओळीनं लावली. रंगीत मासे सोडले. पाणी कसं निवळशंख! मग एक मासा कमी झाला. मग आणखी एक. बुडक्याचं पोट मात्र ढोलकीसारखं टुमटुमीत.

राजानं एक दिवस विचारलंच. "बुडक्या, मासे कुठे गेले?"

बुडक्याच्या मिशीला अजून खवले चिकटलेले. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. काचेवर एक गोगलगाय चढत होती. झाडांबरोबर तिची अंडी आली होती आणि आता आत तिचा सगळा गोतावळा नांदत होता. पानं कुरतडायची, शेवाळ चाटायची, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"हिनं खाल्ले, महाराज."

"गोगलगाय मासे खाते?"

"साधी नाही खात. ही परक्या ओढ्यातली आहे."

झालं! राजा असा गरजला की पाण्याला लाटा आल्या. "माझ्याच घरात राहून माझेच मासे खाते? एकही शिल्लक ठेवू नकोस. राहिली, तर तुझ्या कातड्याचं पायपुसणं करीन."

दरबारात तरसबाई होत्या. काम काय, तर राजा बोलेल ते मोठ्यानं बोलायचं. त्यांनी दवंडी पिटली, "गोगलगाय राज्याची शत्रू आहे हो! जो पाळील तो पण शत्रू!" जंगलभर धरपकड. बिचाऱ्या कासवाला जागोजागी अडवून विचारायचे, "पाठीवर घर कशाला घेतलंस रे?"

पण फिशटँकातल्या काही संपेनात. आज वेचल्या की उद्या तेवढ्याच. शेवटी बुडक्या लांब दक्षिणेच्या नदीवर गेला आणि मूठभर मासे घेऊन आला. वाटाण्याएवढे. अंगावर ठिपके. कोकणात अशाच्या थोरल्या भावाला केंड म्हणतात, दुकानदार पफर म्हणतो. भ्याला की फुग्यासारखा फुगतो. आणि खातो काय, तर गोगलगाय! तोंडात दात असे की शंख कट्‌कन फुटायचा.

राजा काचेला नाक लावून बसला. एक पफर झाडाआडून आला. त्याचे डोळे वेगवेगळे फिरायचे. एक डोळा गोगलगायीवर, दुसरा थेट राजावर.

राजानं काचेवरचं नाक मागे घेतलं. अख्ख्या जंगलात राजाच्या डोळ्याला डोळा कुणी दिला नव्हता. राणीनं सुद्धा नाही.

"हा माझ्याकडे बघतोय रे, बुडक्या," राजा हळूच म्हणाला. "घाबरत नाही." आणि त्याला सेनापती करून टाकला.

बुडक्यानं त्यातलाच एक बारका, कुणाचं लक्ष नाही बघून, चाखायला तोंडात टाकला. मेल्याच्या अंगात विष! थुंकला लगेच, तरी जीभ दिवसभर लाकडासारखी. म्हणजे आता वरकमाई पण बंद.

हळूहळू गोगलगाई संपल्या. ढोल वाजले. तरसबाईंनी भाषण केलं. सगळे खूष, एक सेनापती सोडून. त्याला सुकं खाणं टाकलं, त्यानं थुंकलं. परत टाकलं, परत थुंकलं. पोट खपाटीला गेलं.

"सेनापती वाळत का चाललाय?" राजानं विचारलं.

"शत्रू गेल्याचं वाईट वाटत असेल, महाराज."

"त्याला काही झालं, तर पायपुसणं लक्षात आहे ना?"

बुडक्यानं घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, मग आणा की गोगलगाई."

"कुठनं आणू? राज्यात एक ठेवलीय का आम्ही!"

तरी राज्यापलीकडच्या ओढ्यावरनं गालात लपवून चार-दोन आणल्याच. बायकोच्या पातेल्यात पाणी घालून सोडल्या. काकडीच्या चकत्या टाकल्या. बघता बघता पातेलं भरलं. दुसरं घेतलं. तेही भरलं.

"शत्रूला काकडी, आणि मला भात शिजवायला भांडं नाही!" बायको करवादली.

"हळू बोल, माझे आई. कातड्याचा प्रश्न आहे."

सेनापती पुन्हा गरगरीत झाला. पण तरसबाईंचं नाक! काकडीच्या वासावर त्या दारात उभ्या, मागे साक्षात राजा.

"बघा महाराज! घरात शत्रू पोसतोय!"

राजानं पातेल्यात बघितलं. मग बुडक्याकडे. बुडक्याला कातडी आत्तापासूनच सैल वाटायला लागली. पण जीभ आता ताळ्यावर आली होती.

"महाराज, पोसतोय कसला? कैदी आहेत हे. रोज थोडे सेनापतीपुढे उभे करतो."

"पण शत्रू तर संपला होता!"

"ढोल वाजले म्हणून संपतो का? बघा ना, माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आलाय."

राजानं आयाळ खाजवली. खरं सांगायचं, तर शत्रू गेल्यापासून त्याला करमत नव्हतं. गरजायला निमित्तच नाही. तरसबाईंनाही पटलं. दवंडी बंद झाल्यापासून त्यांना कुणी चहाला सुद्धा विचारत नव्हतं.

"आणि हे पण संपले तर?" राजानं काळजीनं विचारलं.

"संपणार नाहीत, महाराज," बुडक्या छातीवर हात ठेवून म्हणाला. "ती जबाबदारी माझी."

राजाचे डोळे भरून आले. बुडक्याला शत्रुसंहारक पदवी मिळाली. काकडी सरकारातनं. बायकोला नवं पातेलं, झाकणासकट.

त्या आनंदात राजानं दुसरा फिशटँक आणला. त्यात रंगीत मासे सोडले. सगळे छान पोहत होते. मग एक कमी झाला.

राजानं बुडक्याकडे बघितलं. बुडक्या मिशी पुसत होता. त्यानं तोंड उघडायच्या आत अख्खा दरबार ओरडला, "गोगलगाय!"

तात्पर्य : बाळांनो, खोटं कधी बोलू नये. बोललंच, तर त्याला उपाशी ठेवू नये. रोज काकडी घालावी. पातेलं बायकोचं घ्यावं.