बाउक्येबाईंचा सहावा कप

१९६८ साली हेन्रिएटचं डोकं फिरलं, ते गावाच्या सभ्यपणामुळे.

हार्लेमची ही मुलगी लग्न होऊन डच देशाच्या उत्तर टोकाच्या फ्रीसलंड प्रांतातल्या कालव्याकाठच्या त्या गावात आली, त्याला अकरा वर्षं झाली होती. तिला भाषांचं वेड. फ्रेंच ती शाळेत शिकली, जर्मन रेडिओवरून, इटालियन तबकड्या ऐकून. इथे आल्यावर फ्रिसियनचं, म्हणजे इथल्या घरच्या भाषेचं, अख्खं पुस्तक तिने पाठ केलं. पण ती भाषा तिच्याशी कुणी बोलेल तर शपथ! तिने तोंड उघडलं की समोरचा तिचा हार्लेमचा सूर ओळखायचा आणि परक्या बाईची अडचण नको म्हणून लगेच डच सुरू करायचा. सासूबाईसुद्धा तशाच. बाउक्येबाई मुलाशी, मांजराशी, कोंबड्यांशी फ्रिसियन बोलत. सुनेशी मात्र डच, तेही चर्चला जायच्या कपड्यांसारखं कडक इस्त्रीचं.

"आपण कॉफी घेणार का?" त्या विचारत.

"या घरात मांजर घरचं आणि मी पाहुणी!" हेन्रिएट नवऱ्यावर करवादायची.

"अगं, मान देते ती तुला," विट्से वर्तमानपत्रामागून म्हणायचा.

"तो मान घाल चुलीत!"

मार्चमधल्या एका शनिवारी तिने सायकल बेकरीच्या भिंतीला टेकवली. वारा सुटला, सायकल कलंडली आणि नेमकी डाउवे बेकरीवाल्याच्या हातातल्या ट्रेवर पडली. साखरेचे अकरा पाव रस्त्यावर गडगडले, दोन कालव्यात गेले. बदकं धावली.

"डोळे काय घरी विसरलीस का गं? पहाटे चारला उठून मी काय या बदकांसाठी पीठ मळतो?" डाउवे लालबुंद होऊन ओरडत सुटला. सगळं फ्रिसियनमध्ये! रागाच्या भरात सभ्यपणा आठवायला त्याला सवडच नव्हती.

हेन्रिएटने पिशवीतून वही काढली. "जरा सावकाश बोला. बदकांच्या आधी काय म्हणालात?"

डाउवेचा चेहरा पडला. तो ओशाळून डचमध्ये म्हणाला, "माफ करा हं बाई. आपल्याला लागलं तर नाही ना?"

"आता कुठे रंगात आला होतात!" हेन्रिएट कडाडली.

पण त्या दिवशी तिला किल्ली सापडली. हे गाव सभ्य डचमध्ये असतं आणि चिडतं घरच्या भाषेत. मग काय, तिने गावाला चिडवायचा सपाटाच लावला. चर्चच्या ऑर्गनवाल्याला म्हणाली, "तुमचं भजन संपेपर्यंत निम्मे पापी म्हातारे होतात." पोस्टमनवर भिजलेल्या पत्रांचा आळ घेतला. शेजारच्या खेस्केचा पडदा वाकडा असल्याचं तिला कुंपणावरून रोज सांगू लागली. मे उजाडेपर्यंत वही भरली. उच्चार सुधारले आणि अब्रू पार गेली.

मे महिन्यात बाउक्येबाईंना सत्तरावं लागलं. चौदा खुर्च्या गोल मांडल्या. गुलाबी साखरेचा केक आला. त्यांच्या आजीचे सहा निळे कप कपाटातून बाहेर निघाले. दहाला कॉफी. साडेदहा झाले, अकरा झाले. खुर्च्यांवर विट्से, हेन्रिएट आणि मांजर.

बाउक्येबाई दाराकडे बघत होत्या. हेन्रिएटला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, माझ्यामुळे..."

"तुझ्यामुळेच गं, कजाग बये!" बाउक्येबाई उसळल्या. फ्रिसियनमध्ये! "सत्तर वर्षं या गावात कुणाशी उणा शब्द नाही, आणि तू दोन महिन्यांत माझ्या दारातली माणसं तोडलीस!"

हेन्रिएटला हसू फुटत होतं, डोळे भरत होते, आणि रागही तसाच होता. तीही फ्रिसियनमध्ये भांडायला उभी राहिली. "आणि तुम्ही? अकरा वर्षं मला दारातच उभं ठेवलंत! मांजराशी बोलता, माझ्याशी नाही!"

"तू हार्लेमची, चार भाषांवाली! आमचं शेणामातीचं बोलणं ऐकून मनात हसशील, अशी भीती वाटायची मला!"

"हसायला मी पुस्तक पाठ केलं होय?"

खिडक्या उघड्या होत्या. आधी खेस्के डोकावली, मग पोस्टमन, मग साखरेचा पाव घेऊन डाउवे. असलं भांडण बाहेरून ऐकून कसं चालेल? पाहता पाहता चौदाही खुर्च्या भरल्या.

एवढी माणसं पाहून बाउक्येबाई भानावर आल्या. एप्रन सारखा केला, निळा कप भरून सुनेपुढे धरला आणि डचमध्ये म्हणाल्या, "आपण कॉफी घेणार का?"

हेन्रिएटने कप घेतला, कॉफी शांतपणे संपवली, कप हात लांब करून फरशीच्या वर धरला आणि सोडून दिला.

"अगं भवाने!" बाउक्येबाई फ्रिसियनमध्ये किंचाळल्या.

"लिही गं, लिही वहीत!" डाउवे टाळ्या पिटत ओरडला.

त्यानंतर बाउक्येबाईंनी सुनेशी डचचा एक शब्द काढला नाही. त्या एक्याण्णव वर्षं जगल्या. शेवटी डच पार विसरल्या. इस्पितळातली दक्षिणेकडची नर्स हेन्रिएटला विचारायची, "काय म्हणतायत?" हेन्रिएट त्यातलं निम्मंच सांगायची. डाउवे म्हातारा होऊन बेकरी बंद करेपर्यंत तिचं स्वागत नेमाने शिव्यांनीच करत असे. खेस्केचा पडदा अजून वाकडाच आहे. विट्से वर्तमानपत्र हातात असतानाच गेला.

हेन्रिएट आता नव्वदीला टेकलीय. कपाटात पाच निळे कप आहेत आणि टेबलावर आइसलँडच्या भाषेचं पुस्तक. पाठ होत आलंय. भांडायला तिथलं कोण मिळतंय, तेवढंच ती शोधतेय.