पडद्यावरचे नाना

टीव्हीवर नाना वाणी दिसायचे ते काळा कोट, लाल टाय आणि चापून बसवलेला भांग अशा थाटात. पायांत मात्र काही नसायचं, ते अनवाणी असायचे. ज्या फळ्यांवर पोरं नाचणार तिथे चप्पल घालून उभं राहायचं नाही, असा त्यांचा दंडक होता, आणि तो ते इतरांनाही लावत. बक्षीस द्यायला आलेल्या एका पुढाऱ्याला त्यांनी पायरीशीच अडवून बूट काढायला लावले होते. तो बिचारा फाटक्या मोज्यांतून अंगठा लपवत बक्षिसं वाटत राहिला.

मी त्या कार्यक्रमाचा कॅमेरामन. लग्नांच्या कॅसेट काढणं हा माझा मूळ धंदा. रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी नाना मला दर वेळी बजावत, "दिलीप, मले कमरेच्या वर धर. खाली पोरायचे पाय दाखव." एकदा कुणाच्या तरी घुंगरातली तार तुटून फळीवर पडली होती, ती त्यांच्या टाचेत घुसली. नानांनी चेहरा तसाच ठेवून पुढच्या मुलीचं नाव पुकारलं, तिच्या शाळेचं कौतुक केलं, आणि मग लंगडत विंगेत आले. घरोघरच्या पडद्यावर कुणाला काही कळलं नाही.

नव्वदीतली गोष्ट. जळगावात केबल नुकतीच रुळली होती. शांतिलालशेठांचं साड्यांचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर त्यांनी केबलचा धंदा मांडला होता. मुंबईचे चॅनेल लोक बघतच होते, पण शेठना आपल्या गावातलं काहीतरी दाखवायचं होतं. त्यातून पोरांच्या नाचाची स्पर्धा निघाली. गुरुवारी रेकॉर्डिंग, रविवारी सकाळी प्रक्षेपण. निवेदनाला कोण, असा प्रश्न आला तेव्हा शेठ म्हणाले, "तो स्टँडवरचा आवाज कुठे आहे?"

तो आवाज रिटायर होऊन घरी बसला होता. नाना आयुष्यभर बस स्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, हे त्यांनी इतकी वर्षं सांगितलं होतं की त्यांचं निवेदन त्या वळणातून कधी सुटलंच नाही. "यानंतर येत आहे असोद्याची वैशाली, मार्गे जिल्हा परिषद शाळा," असं ते अगदी गंभीरपणे म्हणत. स्पर्धेतून बाहेर गेलेल्या मुलाला 'बाद' म्हणायला त्यांची जीभ रेटत नसे. ते म्हणत, "याची गाडी आज परतीची आहे. पुढच्या वर्षी पुन्हा लागेल." आणि शेवटच्या नंबरच्या पोरातही ते काहीतरी चांगलं शोधून काढत. "याचा डावा हात फार सुंदर चालला," हे वाक्य मी इतक्यांदा टिपलं आहे की जळगावातल्या एका अख्ख्या पिढीचा डावा हात सुंदर असावा.

कार्यक्रम संपताना ते कॅमेऱ्याकडे बघून सांगत, "आता टीव्ही बंद करा आणि पाणी भरून घ्या." रविवारी नळ त्याच सुमाराला यायचे. बायका म्हणत, नानांनी सांगितल्याशिवाय नळाला पाणी येत नाही.

पहिली काही वर्षं अशी छान गेली. मग हळूहळू नाना थकायला लागले. नाव पुकारताना मध्येच थांबत. एकच गोष्ट दोनदा सांगत. एखाद्या मुलीशी बोलता बोलता त्यांची नजर भलतीकडेच लागे आणि ती पोर माइकसमोर ताटकळत उभी राही. गावात त्याची चर्चा सुरू झाली. चहाच्या टपरीवर एक जण म्हणे, "आता म्हाताऱ्यानं बसावं घरी, नाच पोरांचा हाये का त्याचा?" दुसरा म्हणे, "त्याच्याशिवाय पोरांना धीर कोण देईल?" निवेदनासाठी शेठकडे एक कॉलेजातली मुलगी येऊन गेली होती. रूपाली तिचं नाव. बोलायला चटपटीत, हसरी, आणि नावं न चुकवणारी. माझं स्वतःचं मत विचाराल तर नानांनी आता थांबावं, असंच मला वाटत होतं. आपल्याला आवडणाऱ्या माणसाला लोक हसताना बघणं फार जड जातं.

एव्हाना स्पर्धेच्या फेऱ्या शेजारच्या धुळ्यातही भरायला लागल्या होत्या; तो प्रसंग तिथेच घडला. नाट्यगृह भरलेलं होतं. पहिल्या नंबराची मुलगी शिरपूरची सुवर्णा. स्पर्धेत आणखी एक सुवर्णा होती, नरडाण्याची. परीक्षकांनी दिलेला कागद नानांनी डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, आणि खणखणीत आवाजात नरडाण्याच्या सुवर्णाचं नाव घेतलं.

पोर धावत आली. नऊवारीचा काष्टा घातलेली, घामाने काजळ उतरलेलं. तिच्या हातात कप आला. खाली तिचा आजोबा खुर्चीवर उभा राहून टोपी हलवत होता. तेवढ्यात परीक्षकबाई उठल्या आणि नानांच्या कानाशी लागल्या. मी कॅमेऱ्यातून नानांचा चेहरा बघत होतो. तो एका क्षणात म्हातारा झाला.

शेठ विंगेतून खुणा करत होते, त्यांच्याबरोबर आलेली रूपाली पुढे निघालीही होती. नानांनी हाताने तिला थांबवलं. ते स्वतः त्या मुलीसमोर गुडघे टेकून बसले आणि माइक बाजूला ठेवून तिला काहीतरी म्हणाले. मुलीने ऐकून घेतलं. मग दोन्ही हातांनी, देवाला नारळ द्यावा तसा, तो कप तिने त्यांच्या हातात दिला. नाना उठले, शिरपूरच्या सुवर्णाचं नाव घेतलं, आणि त्या दिवशी पाणी भरायचं सांगायला विसरले.

कॅसेटमधून तेवढा भाग मी काढून टाकला. पण धुळ्यात ज्यांनी पाहिलं त्यांनी पाहिलंच होतं. दोन दिवसांनी शेठनी मला दुकानात बोलावलं. "दिलीपभाऊ, नाना देवमाणूस. मी सांगू शकत नाही. तुमचं ते ऐकतील. सत्कार करू, शाल देऊ, सगळं व्यवस्थित करू. पण आता बस."

म्हणून मी रविवारी सकाळी नानांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरात कधी गेलो नव्हतो. नाना नेहमी ओट्यावरच भेटायचे. चहाही ओट्यावरच यायचा आणि तो तेच घेऊन यायचे. "अक्काचे गुडघे धरले हायेत," असं बायकोबद्दल सांगायचे. त्या दिवशी ओट्यावर कुणी नव्हतं. दार लोटलेलं होतं आणि आतून नानांचा आवाज येत होता. टीव्हीतला.

मी दार ढकललं. खाटेवर अक्का बसल्या होत्या. स्वच्छ पातळ, कपाळावर मोठं कुंकू, पदर नीट डोक्यावरून घेतलेला. समोर टीव्हीवर नाना बोलत होते. आणि खरे नाना दाराशी, उंबऱ्याला लागून, जमिनीवर बसले होते. कोथिंबीर निवडत होते.

"या भाऊ, बसा," अक्का म्हणाल्या. "आमच्या घरचे बोलू राह्यले. संपलं की येतीलच."

मी नानांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली आणि काडी काडी वेगळी करत राहिले. अक्कांनी माझी नजर हेरली असावी. त्या माझ्याकडे झुकून हळू आवाजात म्हणाल्या, "हा मानूस रोज येतो. सैपाक करतो, पानी भरतो, माझी वेनीसुद्धा घालतो. भला हाये. पन आमच्या ह्यायले परका मानूस घरात आवडनार नाही, म्हनून रविवारी मी त्याले दाराशी बसवते."

टीव्हीवर नाना कुणाच्या तरी डाव्या हाताचं कौतुक करत होते. अक्का त्याबरोबर मान डोलवत होत्या. एकदा पदर सावरून लाजल्यासारखं हसल्याही.

कार्यक्रम संपल्यावर नाना मला ओट्यावर घेऊन आले.

"दोन-तीन वर्षं झाली," नाना म्हणाले. "आधी भांडी कुठी ठेवली ते इसरायची. मंग पोरीचं नाव इसरली. पोरगी सुरतहून आली तं तिले पाव्हनी समजून खनानारळानं ओटी भरली. मंग मी गेलो. घरात मी कोन, ते तिले समजत नाही. टीव्हीवर दिसलो का समजते. तितकाच अर्धा तास मी तिचा नवरा हाये."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"शेठनं पाठवलं ना तुले?"

मी मान हलवली.

"मले समजते रे. माझं चुकते. डोळे नाही बिघडले, ध्यान घरी असते. गुरुवारी शेजारच्या बाईले तिच्यापाशी बसवून येतो, पन जीव इकडंच." मग म्हणाले, "मी नरडान्याले जाऊन आलो."

मला हे ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं.

"तिच्या आजोबापुढं हात जोडले. तो म्हने, 'नाना, पोर रडनी नही. घर इसन जेवनी अन् झोपी गयी. मीच रडनू.' पोर जेवून झोपली, रडला तो म्हातारा. मंग पोरीले विचारलं, बाई, तुह्यासाठी काय करू? तं म्हने, माझं नाव परत घ्या. मंग त्यायच्या अंगनात उभा राहून घेतलं. चप्पल काढून. नरडान्याची सुवर्णा, मार्गे हायस्कूल. ती नाचली. गल्लीतले बठ्ठे लोक जमले होते."

नानांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला. "शेठले सांग, शाल नको. येत्या गुरुवारपासून रूपाली उभी राहू दे. पोरायचं नुकसान झालं नाही पाहिजे. माझ्या घरचं माझ्यापाशी राहू दे. फक्त..." आणि ते आत बघून थांबले.

तो 'फक्त' मला समजला. कार्यक्रम सोडणं म्हणजे त्यांच्यासाठी काय सोडणं होतं, ते मी नुकतंच डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्याच आठवड्यात मी माझा जुना व्हीसीआर त्यांच्याकडे नेऊन बसवला आणि माझ्याकडच्या कॅसेट त्यांच्या कपाटात रचून दिल्या. शेठना मी सगळं सांगितलं नाही, इतकंच म्हणालो की नानांना जुने कार्यक्रम हवे आहेत. शेठ काही विचारत बसले नाहीत. नव्या कोऱ्या दोन कॅसेट आणि अक्कांसाठी दुकानातलं एक सुती पातळ त्यांनी माझ्या हाती दिलं.

मग रूपालीचे कार्यक्रम सुरू झाले. चांगलेच झाले. ती बूट घालून उभी राहायची आणि कुणाचं नाव चुकवायची नाही. लोक महिनाभर नानांची आठवण काढत राहिले, मग रूपालीची नक्कल करू लागले. तिकडे नानांच्या घरी रविवारी जुनी कॅसेट लागायची. अक्कांना जुनं-नवं काही कळत नव्हतं. आमचे हे बोलत आहेत, एवढं त्यांना पुरत होतं. व्हीसीआर अधूनमधून अडायचा, म्हणून मी बहुतेक रविवारी जाऊन बसायचो. नाना दाराशीच असायचे. कधी भाजी निवडत, कधी नुसतेच.

एका रविवारी कॅसेट मध्यावर आली असताना लाईट गेली. पडद्यावरचे नाना एका मुलीचं नाव सांगता सांगता वाक्याच्या मध्येच नाहीसे झाले. पंखा घरघरत थांबला. अक्का घाबरल्या. "कुठी गेले?" त्या म्हणाल्या. "आत्ता होते ना? कुठी गेले हो?" त्या खाटेवरून उठायला लागल्या. मी पुढे होऊन त्यांना धरलं, पण त्या मला ढकलत होत्या.

तेव्हा दाराशी बसलेल्या नानांनी ते तुटलेलं वाक्य पुढे चालू केलं. उठले नाहीत, आवाजही चढवला नाही. त्या मुलीचं नाव घेतलं, गाव सांगितलं, तिच्या मास्तरांचं कौतुक केलं. मग पुढच्या मुलाला बोलावलं. त्याचा नाच संपल्यासारखे थोडे थांबले आणि त्याच्याशी बोलू लागले. सगळं त्यांना पाठ होतं.

अक्का शांत झाल्या. आधी त्या काळ्या पडद्याकडेच बघत होत्या. मग आवाजाच्या दिशेने त्यांनी मान वळवली. दाराशी बसलेल्या माणसाकडे त्या बघत राहिल्या. नाना बोलायचे थांबले.

"आज घरी कसे?" अक्कांनी विचारलं.

"आता घरीच हाये," नाना म्हणाले. "सोडलं ते काम."

"बरं केलं. लई दगदग करत होते तुम्ही." अक्कांनी पाय आवरून खाटेवर जागा केली. "मंग तिथं जमिनीवर काहाले बसले? इकडं या."

मी चपला हातात घेऊन बाहेर पडलो. जाताना ओट्यावरच्या मीटरपाशी गेलो आणि मेन स्विच खाली ओढून ठेवला. लाईट आली असती तर टीव्ही पुन्हा सुरू झाला असता.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा नाना दाराशीच बसले होते आणि अक्का पडद्याकडे बघत होत्या. मला बघून नाना थोडे सरकले, शेजारी जागा करून दिली. कार्यक्रम चालू असताना ते सहसा बोलत नसत. त्या दिवशी मात्र खाटेकडे बघत माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "मागच्या रविवारी दुपारपर्यंत बसलो होतो मी तिथं."