डोक्यावर माप असलेला देव

गंगापूर रोडला आमच्या शेजारी राहणाऱ्या खैरनार सरांच्या टीव्हीवर नव्वदच्या दशकात एक दाढीवाला, पांढरा, प्लास्टरचा देव बसला. डोक्यावर मुकुट नाही, तर धान्य मोजायचं माप. सरांचे कुणी पूर्वज असतील असं समजून मी मुकाट्यानं हात जोडले.

"सेरापिस," सर म्हणाले. "बसा, सांगतो."

बसलो ती चूक झाली. सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक. इजिप्तच्या गादीवर ग्रीक राजा आला, दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या देवळाची पायरी चढेनात. मग राजानं ग्रीकांची दाढी आणि इजिप्तचा बैलदेव एकत्र करून हा देव उभा केला. हे मी पुढची दोन वर्षं ऐकलं. बिल्डिंगमध्ये पाण्यावरून भांडण लागलं की सर मध्ये पडत. "त्या राजाला जमलं, मग आपल्याला न जमायला काय झालं?" भांडणारे कंटाळून घरी जात, एवढं खरं.

सिंधूवहिनी देवाला 'ते मुंडकं' म्हणत. त्याला कधी फडकंही लावलं नाही त्यांनी. त्यांचा खरा राग वेगळाच होता, आणि देव घरात यायच्या आधीचा. प्रवीणनं, त्यांच्या मुलानं, देवळाली कॅम्पातल्या, तोफखान्याच्या सुभेदाराच्या मुलीचं, हरप्रीतचं नाव घरात काढलं, त्या दिवशी वहिनींनी उंबऱ्यावर ठेवायचं माप मोडीत घातलं. "पंजाबी सून माझ्या घरात माप ओलांडणार नाही," असं सगळ्या जिन्याला ऐकवलं.

लग्न कॅम्पात झालं. वहिनी गेल्या नाहीत. नवरानवरी दारात आली तेव्हा म्हणाल्या, "घरात माप नाही."

हरप्रीत खाली मान घालून बाहेर उभी. मला तिच्याकडे बघवेना.

सर टीव्हीपाशी गेले, देवाच्या डोक्यावरचं माप ओढून काढलं आणि वहिनींच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटं केलं. खालून रंग दिलेलाच नव्हता. पितळेवर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलं होतं: सौ. सिंधू.

"अहो, हे माझ्या लग्नातलं."

"मोडवाल्याकडून त्याच दिवशी परत आणलं. म्हटलं, तुला लागेल."

वहिनी रडल्या. डोळे पुसायच्या आधीच म्हणाल्या, "तांदूळ आणा."

हरप्रीतचं पाऊल तोफखान्यातलं. तांदूळ थेट देव्हाऱ्यापर्यंत गेले आणि सगळा जिना टाळ्या वाजवू लागला.

सर बोडक्या देवाशेजारी उभे होते. "त्या राजाला जमलं," एवढं म्हणाले आणि देवाच्या दाढीवरची धूळ पुसू लागले. ज्या वाक्याला दोन वर्षं वैतागलो होतो, ते मीच पूर्ण केलं.