वळणावरचा आवाज आणि चार चाकांचे महाराज

एका जंगलात एक जीप होती. सिंहही होता, पण जीप आल्यापासून लोक नाव जीपचंच आधी घेत.

जीप आली कशी? काही पर्यटक फोटो काढायला खाली उतरले आणि परत चढायचे राहून गेले. का राहून गेले, ते विचारू नका. तुमचं अजून जेवण व्हायचंय.

तर सिंहाचं नाव आयाळराव महाराज. त्यांची जीप चालवायला गुणाजी नावाचं रानडुक्कर होतं. गुणाजी अंगाने गोल, गुटगुटीत आणि स्वभावाने घाबरट. गाडी मात्र झकास चालवायचा.

या जीपमध्ये दोन दांडे होते. मोठा दांडा गिअरचा. छोटा दांडा मागे ओढला की फक्त मागची दोन चाकं जोर लावत. पुढे ढकलला की चारही.

महाराजांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "दोन चाकांवर कोण चालवतं?"

"माणसं, महाराज. चांगल्या रस्त्याला दोनच पुरतात म्हणे."

"आपले पाय किती?"

"चार, महाराज."

"मग? दोनावर चालायला आपण काय माणसं आहोत?"

सगळा दरबार हसला. छोटा दांडा पुढे ढकलला गेला, वेलीने करकचून बांधला गेला, आणि त्यावर पंजा ठेवून बसायची महाराजांना सवय लागली. चार पायांच्या प्रजेचा ऊर अभिमानाने भरून आला. पक्षी गप्प बसले.

चिखलामातीत जीप मजेत पळत होती. मग महाराजांना विकास सुचला. गुहेपासून दरबारापर्यंत काळाभोर, वळणावळणाचा डांबरी रस्ता झाला. उद्घाटनाचे हार गळ्यात घालून महाराज निघाले आणि पहिल्याच वळणावर जीपच्या पोटातून आवाज आला. कट्! कट्! कट्! चाकं उड्या मारायला लागली. महाराजांची आयाळ डोळ्यांवर आली.

"गुणाजी, हे काय आहे?"

"बघतो, महाराज."

"बघच. पौर्णिमेला शेजारच्या जंगलातल्या वाघीणबाई आपल्याकडे जेवायला येतायत. त्यांना जीपमधून फिरवायचंय. तोवर हा आवाज गेला नाही, तर जेवायला काय करायचं हा माझा प्रश्न सुटला."

असं म्हणून महाराजांनी गुणाजीच्या पाठीवरून पंजा फिरवला. बाजारात भोपळा निवडताना फिरवतात ना, तसा.

गुणाजीने तज्ज्ञ बोलावले. आधी आले हत्तीदादा. कान मोठे, म्हणजे ऐकू जास्त येणार, असा सगळ्यांचा समज होता. लंगडत लंगडत त्यांनी जीपभोवती एक चक्कर मारली आणि उसासा टाकला.

"पुढच्या चाकाचा सांधा गेलाय. पावसाळी हवेत फार ठणकत असेल बिचारीचा."

सांधा बदलला. सुट्या भागांची अडचण नव्हती, पर्यटक येतच होते. वळणावर जीप म्हणाली, कट्!

मग आला गोमाजी लांडगा. त्याचा गाल सुजलेला होता. तो जीपखाली शिरला, मागच्या दोन चाकांमधला लोखंडी गोळा त्याने हुंगला आणि कळवळून म्हणाला, "आतल्या चक्राचा एक दाता किडलाय. उपटून टाका!"

गोळा उघडला. दाते सगळे शाबूत. गोळा परत बसवला. कट्!

वटवाघळाने जीप उलटी टांगून बघायला सांगितलं. ते तेवढं कुणी केलं नाही.

तुमच्या लक्षात आलंच असेल, मुलांनो. ज्याचं जे दुखत होतं, तेच त्याला जीपमध्ये सापडत होतं. गुणाजीच्या मात्र लक्षात आलं नाही. त्याचं सगळंच दुखायला लागलं होतं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्याने वळणावर जीप थांबवली आणि हमसून हमसून रडू लागला. तिथे सखूमावशी घोरपड ऊन खात पडली होती. ती काम काही करायची नाही. डांबर छान तापतं म्हणून दिवसभर रस्त्यावरच लोळायची.

"का रे रडतोस?"

"उद्या माझा रस्सा होणार, मावशी."

"त्या आवाजापायी? अरे, पण तो येतो कधी, हे कुणी बघितलं का?"

"कधी म्हणजे?"

"मला शेपूट वाचवायची असते, म्हणून मी चाकांकडे नीट बघते. सरळ जातोस तेव्हा आवाज नाही. खाली नदीकाठी मातीत वळतोस, तेव्हाही नाही. डांबरावर वळलास की येतो. वळताना पुढची चाकं मोठा फेरा घेतात, मागची छोटा. तुम्ही चारही एकत्र जखडलीत. मातीत चाक जरा घसरतं आणि निभावून जातं. डांबर घसरू देत नाही. मग आत पीळ बसतो, आणि पीळ सुटला की कट्! तो छोटा दांडा मागे घे बघू. गाडीला काही झालेलं नाही."

गुणाजीने इकडेतिकडे पाहून वेल सोडली. दांडा मागे घेतला. जीप वळवली. हूं नाही की चूं नाही. पुन्हा वळवली. तरी नाही.

तो आनंदाने ओरडणार, एवढ्यात त्याची नजर सोडलेल्या वेलीवर गेली. दांडा पुढे ढकलायचा हुकूम महाराजांचा होता. वर पंजा महाराजांचा असे. आतापर्यंत कारण माहीत नव्हतं म्हणून गुणाजी मरणार होता. आता माहीत होतं म्हणून मरणार होता. त्याने दांडा पुढे ढकलला, वेल होती तशी बांधली आणि जड पायांनी दरबारात गेला.

दरबारात सगळे तज्ज्ञ जमले होते. एका बाजूला आचारी तरस वाटण वाटत बसला होता.

"सापडलं, महाराज," गुणाजी म्हणाला. "जीपमध्ये बिघाड नाही."

"मग कुठे आहे?"

गुणाजीने महाराजांकडे पाहिलं. त्यांच्या नखांकडे पाहिलं. मग तरसाकडे पाहिलं. खरं उत्तर ओठांवर आलं होतं, ते त्याने गिळलं.

"रस्त्यात, महाराज. डांबर फार हट्टी आहे. महाराजांची चाकं वळतात, तरी हे तसूभर सरकत नाही. मातीला कशी अदब असते. ती आपणहून बाजूला होते."

"म्हणजे रस्ता उद्धट आहे!" महाराज गरजले.

"मला तर सांधा बघतानाच शंका आली होती," हत्तीदादा म्हणाले. गोमाजी लांडग्याने सुजलेला गाल धरून मान डोलावली.

सारी प्रजा कामाला लागली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रस्ता पार उखडला. वाघीणबाईंना घेऊन जीप मातीतून निघाली. त्यांच्या नाकातोंडात धूळ गेली, पण आवाज काही आला नाही. "काय गुणाची गाडी आहे हो तुमची!" असं त्या खोकत खोकत म्हणाल्या. महाराजांनी तिथल्या तिथे गुणाजीला जंगलाचा मुख्य यंत्रतज्ज्ञ नेमलं.

आता जेवायला काय करायचं, हा प्रश्न राहिला. महाराजांनी विचारलं, "त्या उद्धट रस्त्याला फूस कुणाची होती?" दिवसभर रस्त्यावर कोण लोळत असे, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. गुणाजीलाही होतं. तो खाली बघत उभा राहिला.

मला हे सांगताना वाईट वाटतं, मुलांनो, पण रस्सा चांगला झाला होता. गुणाजीने दोनदा मागून घेतला.

तात्पर्य : बिघाड नेमका कुठे आहे, हे आधी कसून शोधावं. त्याशिवाय बोट कुठे दाखवायचं नाही, हे कळत नाही. आणि ज्यांना तो आपला आपण सापडतो, त्यांनी रडणाऱ्याला कारण विचारू नये.