टाकीतली तिन्हीसांज

“आई, समुद्रात एका दिवसात दोनदा सूर्य उगवत नाही!” ऋतिका म्हणाली.

“आणि माझ्या घरात तिन्हीसांजेला अंधार होत नाही!” मी म्हणाले.

ऋतिका माझी सून. हॉलमधली ही माशांची टाकी, खाऱ्या पाण्याची, जिवंत प्रवाळांची, तिची हौस. वरच्या एलईडीचा सगळा कारभार फोनवरच्या ॲपवर. सकाळी निळसर उजाडतं, दुपारी पांढरं ऊन, संध्याकाळी हळूहळू मावळतं. आणि मावळतं कधी, तर नेमकं मी देवापाशी दिवा लावते तेव्हा! लक्ष्मी यायच्या वेळेला हॉलमध्ये काळोख? मी ते ॲप शिकले. स्वतः. (चौथीत शाळा सुटली, डोकं नाही.) आधी उजेड जरासाच वाढवला. मग वाटलं, माशांचे खरे रंग तरी बघू, म्हणून निळा घालवून पांढरा फुल केला. काय दिसलं म्हणून सांगू! खडकामागून कोळंबी मिशा हलवत होती, माशाच्या पंखाची शीर न् शीर दिसत होती. मी खुर्ची ओढून बसले ती निजायच्या वेळेपर्यंत हलले नाही. उजेड तसाच ठेवून निजले. मग रोजचंच झालं.

आज बघते तर प्रवाळाची हिरवी बोटं आत ओढलेली, रंग उडालेला. ऋतिकाचे डोळे भरलेले.

“एवढंसं होतं तेव्हापासून वाढवलंय मी याला. मरेल ते!”

“उजेडानं कोण मरतं? तुळशीला ऊन लागतं, मग याला नको?”

“तुळशीला रात्र तरी मिळते! याला अंधारच नाही. आणि निळा उजेड हवा याला, खोल पाण्यात तसाच असतो.”

“समुद्र मला शिकवू नकोस. इथे कोलशेतला, खाडीकाठी जन्मलेय मी.”

“खाडीचं पाणी चहासारखं असतं, आई,” सलिल सोफ्यावरून पुटपुटला. (पोटचा मुलगा. एरवी तोंड उघडत नाही, उघडलं तर हे.)

“तू गप रे! नीळ घालायला ते काय धोतर आहे? तुमच्या निळ्या उजेडात टाकी टेंभी नाक्याच्या नवरात्रातल्या मांडवासारखी दिसते. मी केलं ते नॅचरल. ॲप मी सोडणार नाही!”

ऋतिकानं डोळे पुसले, माझ्याकडे नीट बघितलं आणि शांतपणे म्हणाली, “चालेल, आज रात्रभर तुमच्या डोक्यावरची ट्यूब मी चालू ठेवते, सकाळी तुम्ही नॅचरल दिसलात, तर ॲप कायमचं तुमचं.”