अफरीत हा नुसता शब्द आहे

शब्दांच्या बाबतीत माझी चूक होत नाही. बत्तीस वर्षं वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली आहेत. अलेक्झांड्रियातल्या आमच्या गल्लीत कुठल्या वेड्याला काय म्हणायचं, याचा निकाल माझ्याकडे येतो. गाणं ऐकताना ज्याचा श्वास अडकतो तो समी. गच्चीवरच्या कबुतरांपायी ज्याची बायको माहेरी निघून जाते तो घावी. आणि एखाद्या कामानं जो पुरता झपाटलाय, ज्याचा हात लागताच बंद यंत्र चालू होतं, तो अफरीत. आता अफरीत म्हणजे खरं तर अपघातात मेलेल्याचं भूत. पण कामात मुरलेल्या माणसाला आम्ही कौतुकानं तेच म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला काय ते बरोबर कळतं!

आमच्या इमारतीची लिफ्ट तीन महिने दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लटकलेली होती. आम्ही राहतो सहाव्यावर. एरवी मी तक्रार केली नसती, पण माझी मुलगी शाहिनाज आणि हातिम यांचं लग्न त्या लिफ्टमध्ये अडकलं होतं. हातिमची हज करून आलेली आई, हाज्जा फिक्रिय्या, हिला दोन गुडघे होते आणि एक लग्नाची भाची होती. गुडघे दुखायला लागले की तिला भाची आठवायची. तिनं निरोप धाडला, "गुरुवारी येते. लिफ्ट बंद असली तर दारातूनच परत फिरेन, आणि मग हा विषय पुन्हा काढायचा नाही." शाहिनाज दोन दिवस जेवली नाही. मला ते बघवेना.

कॉफीच्या दुकानात माझ्या मित्रानं, मुनीरनं, माझ्या पाठीवर थाप मारली. "गुरुवारी सकाळी लिफ्टचा अफरीत पाठवतो. सगळे त्याला अफरीतच म्हणतात. खरं नाव त्यालाही आठवत नसेल."

गुरुवारी नऊ वाजता मी खाली उतरत होतो. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या जाळीतून गार हवा आली, ओल्या लोखंडाच्या वासाची. वाकून पाहिलं तर लिफ्टच्या टपावर एक माणूस मांडी घालून बसलेला. जुना निळा डगला, हातात कसलंही हत्यार नाही. तारेच्या दोराला कान लावून तो काहीतरी ऐकत होता. जाळीचं कुलूप लावलेलंच होतं. म्हटलं, बघा, याला म्हणतात कारागीर!

"तुम्हीच का अफरीत?" मी विचारलं.

तो दचकला. त्यानं दोरावरचा कान काढला.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"अहो, सगळ्यांना माहीत आहे."

"आणि तुम्हाला... चालतं?"

"चालतं म्हणजे? तुमच्याचसाठी तर थांबलोय! साधा माणूस इथे काय कामाचा?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं," तो म्हणाला आणि दोरावरून हात फिरवू लागला. "माझी नवरी रुसली आहे. आज संध्याकाळपर्यंत उठवतो तिला."

लिफ्टला नवरी म्हणतो! मी खूश झालो. वेड असावं तर असं असावं. बायकोनं, इन्शिराहनं, त्याच्यासाठी मुलूखियाची भाजी आणि भात पाठवला. तो म्हणाला, "मीठ आहे का यात? मला मीठ चालत नाही." मी मनात म्हटलं, बिचाऱ्याला रक्तदाब असणार.

दिवसभर लिफ्टच्या विहिरीतून आवाज येत राहिले. हातोड्याचा एकही नाही, फक्त कुजबुज. सहाव्या मजल्यावरून जाळीला कान लावला तर कोणीतरी लहान मुलाची समजूत घालावी तसं ऐकू येई, आणि मधूनच दोर कण्हल्यासारखा उत्तर देई. माझ्या अंगावर काटा आला. तो मी कौतुकाच्या खात्यात टाकला.

पाच वाजता हाज्जा फिक्रिय्या आली. मागे हातिम, हातात बसबूसा मिठाईचा खोका. मी स्वागताला खालीच उभा होतो. लिफ्ट अजून वरच होती. हाज्जानं जाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि समाधानानं पर्स काखेत घेऊन वळली. तेवढ्यात आमचे दरवान अतिय्याकाका मदतीला धावले.

"काळजी करू नका, हाज्जा. आज लिफ्टमध्ये अफरीत आहे. साहेबांनी मुद्दाम बोलावलाय."

हाज्जा जागच्या जागी थिजली. "काय आहे?"

"अफरीत. सकाळपासून आत बसलाय."

"हाज्जा, तो नुसता शब्द आहे," मी पुढे झालो. "तसला अफरीत नाही तो. अहो, अफरीत-बिफरीत काही नसतं."

वरून, अगदी दुखावलेल्या सुरात, आवाज आला. "सकाळी तर वेगळंच म्हणाला होतात."

मग लिफ्ट खाली आली, आवाज न करता. आत दिवा लागलेला होता आणि आत कोणी नव्हतं. जाळीचं दार आपोआप सरकलं. छताची फळी बाजूला झाली आणि एक चेहरा उलटा खाली आला.

"या ना, हाज्जा. गुडघे दुखत असतील."

हातिम आणि मी रस्त्याकडच्या दारात उभे होतो, म्हणजे तिकडची वाट आम्ही अडवलेली. उरला जिना. हाज्जा जिन्याकडे धावली. होय, धावली! मागोमाग मी, माझ्यामागे हातिम. जिना लिफ्टला वळसा घालत जातो, त्यामुळे लिफ्टही आमच्यासोबत एकेक मजला चढू लागली, रिकामी, उजळलेली. प्रत्येक मजल्यावर तोच नम्र आवाज, "हाज्जा, दमाल हो. या आत." प्रत्येक हाकेला हाज्जाचा वेग वाढत होता. चौथ्यावर मला धाप लागली. ती दिसेनाशी झाली होती.

मी वर पोहोचलो तेव्हा ती आमच्या बैठकीत मधोमध उभी होती, त्याच दोन गुडघ्यांच्या जोरावर, ताठ. "फातिहा म्हणा," ती धापा टाकत म्हणाली. "सगळ्यांनी. आत्ताच्या आत्ता."

आम्ही सगळ्यांनी हात वर करून कुराणातली ती पहिली प्रार्थना, फातिहा, म्हटली. मीही अगदी मनापासून म्हटली. लिफ्टचा दिवा विझला, विहिरीतून एक लांब उसासा आला आणि सगळं शांत झालं.

त्या शांततेत माझ्या बायकोनं जीभ हलवून आनंदाची लांब किलकारी दिली. अशी, की खालच्या तीन मजल्यांची दारं उघडली.

"हे काय?" हाज्जा म्हणाली.

"काय म्हणजे? मुलाची आई, मुलीचा बाप, दोघांनी एकत्र बसून... उभं राहून फातिहा म्हटली," इन्शिराह म्हणाली. "झालं की लग्न पक्कं. मुबारक असो, ताई."

आमच्याकडे लग्न फातिहानंच ठरतं आणि भूतही तिनंच जातं. यातली कुठली फातिहा होती, हे विचारायला हाज्जाकडे श्वास नव्हता. शेजारणी शिरल्या होत्या, बसबूसा उघडला गेला होता, शाहिनाज रडत रडत खात होती. हाज्जानं तिच्याकडे पाहिलं, मग हळूच तिच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मला पाणी दे गं." मला त्या क्षणी दोघींचीही माया आली.

पाहुणे जिन्यानं गेल्यावर फोन वाजला. मुनीर होता.

"माफ कर रे, शौकी. आपला अफरीत दमनहूरलाच अडकलाय, सकाळपासून. शनिवारी येतो म्हणाला. चालेल ना?"

मी खाली गेलो. अतिय्याकाका त्याचं ताट रिकामं करत होते. भाजीला हात लागलेला नव्हता, आणि अफरीताला मीठ चालत नाही असं म्हणतात, ते मला आता आठवलं.

"साहेब, माझे वडील इथे दरवान होते ना," ते ताट पुसत म्हणाले, "ते एका कारागिराचं सांगायचे. या लिफ्टला नवरी म्हणायचा. लग्नच केलं नाही त्यानं. एका गुरुवारी आत उतरला, आणि..." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढचं गिळलं.

तेव्हापासून लिफ्ट एकदाही बंद पडलेली नाही. हाज्जा दर शुक्रवारी सहा मजले जिन्यानं येते आणि गुडघे बरे झाल्याचं श्रेय कुठल्याशा तेलाला देते. मीही जिन्यानंच जातो. डॉक्टरांनी सांगितलंय, असं मी घरी सांगतो. तिसऱ्या मजल्यावर पोचलो की जाळीजवळ सलाम करतो, आणि कधीकधी उत्तर येतं.

मात्र एक गोष्ट मी लिहून देतो. शब्द मी अचूकच वापरला होता.