कडेला उभा असलेला माणूस

"हे सगळे फोटो ओळखलेस, तर तुझ्या एकटं राहण्याबद्दल मी ब्र काढणार नाही. नाहीतर या घराला कुलूप, आणि तू माझ्याकडे राहायचं," भाच्याने अट घातली आणि स्टुडिओतून साफ होऊन आलेला फोटोंचा डबा आत्यासमोर ठेवला.

आत्याच्या हातून दोनदा दूध करपलं होतं, तेवढं त्याला पुरेसं होतं. पण हे घर म्हणजे आत्याचा जीव की प्राण. तिने चष्मा चढवला, पदर खोचला.

एकाही फोटोमागे नाव नव्हतं की साल. आत्या हार मानते कसली!

"ही माझी मावससासू. बाही कोपरापर्यंत, म्हणजे माझ्या लग्नाआधीचा. हे भावजी. पँट घेरदार, म्हणजे नोकरी लागल्यावरचा."

लाकडी घोड्यावर बसलेलं पोर पाहून तर भाचाच विरघळला. "अगं, हा मी! याच घोड्यावरून पडलो होतो. गुडघा फुटला होता."

माशी शिंकली ती एकाच ठिकाणी. प्रत्येक फोटोत अगदी कडेला एक जाड भुवयांचा, किडकिडीत माणूस उभा होता. पँटी घेरदार झाल्या, पुन्हा आवळल्या, पण तो मात्र एका दिवसानेही म्हातारा झाला नव्हता.

"आत्या, हा कोण?"

"ह्याला मी जन्मात पाहिलं नाही."

"पण तो आपल्या प्रत्येक कार्यात आहे!"

आत्याच्या अंगावर सरसरून काटा आला. बाकी सगळे इकडेतिकडे बघत होते. तो मात्र सरळ या दोघांकडेच बघत होता.

तेवढ्यात बेल वाजली. भाच्याने दार उघडलं आणि त्याची बोबडीच वळली. दारात तोच उभा होता. त्याच भुवया, तसाच जरा कडेला सरकून.

"माफ करा हं. स्टुडिओत डबे बदलले. तुमचा माझ्याकडे आलाय."

"म्हणजे... हे फोटो तुमचे? आणि हे कडेचे..."

"आधी आजोबा, मग वडील, मग मी. तिघांचा तोंडवळा एकच, आणि मध्ये उभं राहायची तिघांनाही लाज." पाहुण्याने घोड्याचा फोटो कौतुकाने उचलला. "हाही मीच, लहानपणीचा. पडून गुडघा फोडून घेतला होता. गंमत म्हणजे व्रण राहिलाच नाही."

भाच्याचा हात आपसूक स्वतःच्या गुडघ्यावर गेला. व्रण जागच्या जागी होता.

पाहुणा त्यांचा डबा ठेवून आपला घेऊन गेला. आत्या चष्मा पुसत म्हणाली, "मी परक्यांना नातेवाईक केलं, हे कबूल. पण तू तर स्वतःलाच चुकलास रे! जा, बॅग भरून आण."

"तुझी?"

"तुझी. तुला आता एकटं ठेवणं बरं नाही."

भाचा गुडघा चोळत बसला होता.